जागा हवी की वेग?

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात एकाच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स घालून टॅली, फाइल सर्व्हर आणि हजेरी अशी तीन व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत. ४ टीबीच्या चार डिस्क आणि ३२ जीबी रॅम आहे. झेडएफएसमध्ये रेडझेड निवडावे का? त्यात जागा जास्त मिळते.

उत्तर : जागेच्या मोहात पडू नका. व्हर्च्युअल मशीन डिस्कवर सतत लहान, विखुरलेले वाचन-लेखन करतात. अशा कामात रेडझेडचा अख्खा गट साधारण एकाच डिस्कइतका चालतो. त्याऐवजी दोन-दोन डिस्कच्या दोन मिरर जोड्या करा. १२ ऐवजी ८ टीबी मिळतील, पण लेखनाचा वेग जवळपास दुप्पट होईल.

डिस्क थेट झेडएफएसच्या ताब्यात द्या, मध्ये हार्डवेअर रेड नको. झेडएफएस चेकसमवरून बिघडलेला डेटा ओळखते आणि जोडीतल्या दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. ती प्रत त्याला दिसायला हवी. एसएमआर डिस्क टाळा. झेडएफएसच्या कॅशला ८ जीबीची मर्यादा घाला, म्हणजे मशीनना पुरेशी रॅम उरेल. पूल ८० टक्क्यांपुढे भरू देऊ नका आणि महिन्यातून एकदा स्क्रब चालवा.

वेगासाठी ‘सिंक’ कधीही बंद करू नका. वीज गेली, तर नुकत्याच केलेल्या नोंदी हरवतील. यूपीएस हवाच.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, कारण तो त्याच डिस्कवर असतो. रोज वेगळ्या यंत्रावर प्रत घ्या आणि ती परत उभी राहते का, हे अधूनमधून तपासा. वर्षानुवर्षांचे हिशेब त्यावरच सुरक्षित राहतात.