क्लिअरन्स हवाय? कर्ज चालेल, थकबाकी नाही

व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात आयटीत असलेल्या आपल्या मंडळींना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपन्यांची दारं उघडतात. तिथे अट असते सिक्युरिटी क्लिअरन्सची, आणि लगेच धास्ती वाटते ती हप्त्यांची. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, त्यात मुलांच्या कॉलेजचं. एवढं डोक्यावर असताना सरकार विश्वास ठेवेल?

ठेवतं. वेळेवर फेडलं जाणारं कर्ज सहसा आड येत नाही, आणि अमुक रकमेपुढे अपात्र असा आकडा नियमांत कुठेच नाही. 2017 पासून लागू असलेल्या निकषांमधला ‘एफ’ हा निकष पैशांचा आहे. गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला गुपितं विकायचा मोह होऊ शकतो आणि स्वतःची देणी टाळणारा बाकीचे नियमही टाळेल, हा त्यामागचा विचार. त्यामुळे पाहिली जाते ती थकबाकी, आणि ती झाल्यावर तुम्ही काय केलंत ते.

एसएफ-86 या अर्जाचा 26वा भाग नीट वाचा. गेल्या 7 वर्षांत कोणतं देणं 120 दिवसांहून जास्त थकलं का, वसुली एजन्सीकडे गेलं का, कराचं विवरणपत्र भरायचं राहिलं का, दिवाळखोरी जाहीर केली का, हे सगळं तिथे विचारतात. तुम्ही जामीन राहिलेलं कर्जही त्यात येतं. (पुण्यातल्या फ्लॅटची नोंद याच अर्जात परदेशी मालमत्तेखाली करायची.) एखादं जुनं बिल लपवावंसं वाटेल, पण जाणूनबुजून खोटं लिहिणं हा 5 वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. थकबाकीतून वाट निघते, खोटेपणातून निघणं फार अवघड.

आता खर्चाचं. चौकशीचा खर्च अर्जदाराला शून्य. अर्जही आपला आपण करता येत नाही, कंपनी किंवा सरकारी खातंच तो सुरू करतं. त्यामुळे ‘क्लिअरन्स काढून देतो’ म्हणून पैसे मागणारा भामटा समजावा. तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात. अर्ज भरण्याआधी तिन्ही काढा, कारण एकावर नसलेलं दुसऱ्यावर सापडतं. घर बदलल्यावर जुन्या पत्त्यावर गेलेलं हॉस्पिटलचं बिल बहुतेक असंच वसुलीत निघतं. ते तुमचं नसेल तर लेखी हरकत घ्या, असेल तर भरा आणि पावती जपून ठेवा.

तडजोड करताना मात्र हिशेब पुरा करा. समजा 8,000 डॉलरचं थकलेलं कार्ड 3,500 वर मिटलं. माफ झालेले 4,500 सहसा उत्पन्न धरले जातात आणि बँक 1099-सी पाठवते. तुम्ही 22 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर 990 डॉलर कर, म्हणजे खरा खर्च 4,490. हे 990 विसरलात तर नवी थकबाकी उभी राहते, तीही कराची, आणि कराची थकबाकी सगळ्यात वाईट दिसते. कर एकदम भरणं झेपत नसेल तर आयआरएसकडून ऑनलाइन हप्ते बांधून घ्या. खात्यातून थेट कापून जाणाऱ्या हप्त्यांचं शुल्क 22 डॉलर, व्याज-दंड वेगळा. दिवाळखोरीच्या चॅप्टर 7 ची कोर्ट फी 338 डॉलर, वकील वेगळा. तेवढ्याने क्लिअरन्स आपोआप नाकारला जात नाही.

नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, ही कारणं ऐकून घेतात. पण त्यानंतर तुम्ही धनकोशी बोललात का, हप्ते बांधलेत का, हे विचारतातच. 7 वर्षं उलटून देणं रिपोर्टवरून गळलं म्हणजे ते फिटलं, असं सुनावणी घेणारे न्यायाधीश मानत नाहीत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात घाईने भरलेल्या रकमेपेक्षा वर्षभर नियमित गेलेले 50 डॉलर जास्त वजनदार ठरतात.

आक्षेपांचं पत्र आलंच तर कंत्राटी कर्मचाऱ्याला लेखी उत्तराला 20 दिवस मिळतात. प्रत्येक देण्यासमोर कागद जोडा.

क्लिअरन्स मिळाल्यावरही क्रेडिटवर सतत नजर असते. 120 दिवसांची थकबाकी झाली तर स्वतःहून कळवायची. टॉप सीक्रेटवाल्यांनी तर अचानक आलेले 10,000 डॉलर किंवा त्याहून जास्तही कळवायचे. गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकून भावाने तुमचा वाटा पाठवला, तर आधी कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला सांगा, आणि खरेदीखत व वाटणीपत्राची प्रत हाताशी ठेवा.