विझिनीचा शब्द, इनिगोची शंका

मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्यांच्या फोनवर एक चित्र हमखास येतं. लांब केसांचा, मिशीवाला स्पॅनिश तलवारबाज आणि त्याच्या वर-खाली ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य. आशय असा, की हा शब्द तुम्ही सारखा वापरता खरा, पण तुम्हाला वाटतो तो त्याचा अर्थ नसावा. १९८७ च्या ‘द प्रिन्सेस ब्राइड’ या सिनेमातला हा इनिगो मोंटोया. कुणाचा शब्द चुकला की हे मीम टाकायचं, अशी रीतच पडली आहे. ते पाहता-पाठवता काही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या.

१. इनिगो झापत नाही. नुसत्या चित्रावरून तसं वाटतं, पण प्रसंग पाहिला की कळतं. उंच कड्यावरून सोडलेल्या दोराला धरून काळ्या कपड्यांतला एक माणूस वर चढतो आहे. टोळीचा म्होरक्या विझिनी दोर कापतो. माणूस पडत नाही, खडकाला धरून लटकून राहतो. विझिनी ओरडतो, ‘इनकन्सीव्हेबल!’ म्हणजे कल्पनेतही येणार नाही असं काहीतरी. मघापासून तो हेच ओरडतो आहे आणि ती गोष्ट दर वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते आहे. तेव्हा इनिगो त्याच्याकडे वळून ते वाक्य बोलतो. मँडी पॅटिंकिन यांनी ते इतकं साधेपणानं म्हटलं आहे, की माणूस खरोखरच कोड्यात पडलाय असं वाटतं. त्यात हिणवणं नाही. ते आपण फॉरवर्ड करताना त्यात घालतो.

२. विझिनीला शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक आहे. हे लक्षात आल्यावर मला या प्रसंगाची खरी गोडी लागली. त्याच्या हातात शब्दकोश दिला तरी तो तेच ओरडेल, कारण गफलत त्याच्या खात्रीत आहे. तो माणूस वर पोचणं शक्यच नाही, हे त्यानं आधीच ठरवून टाकलंय. विल्यम गोल्डमन यांनी स्वतःच्याच १९७३ च्या कादंबरीवरून ही पटकथा लिहिली. भारदस्त शब्द भलत्या ठिकाणी वापरणारं पात्र नाटक-सिनेमात पुष्कळदा भेटतं. शब्द बरोबर, पण जगाचा अंदाज चुकलेला, असं पात्र विरळा. कामात मला हा भेद रोज उपयोगी पडतो. ‘अभूतपूर्व गर्दी’ दर वर्षी, त्याच जत्रेबद्दल, लिहून येते. अभूतपूर्वचा अर्थ लिहिणाऱ्याला माहीत असतो. गेल्या वर्षीची बातमी त्यानं पाहिलेली नसते. तिथं शब्द बदलून भागत नाही, जुना अंक काढून दाखवावा लागतो.

३. कोण कुणाला म्हणतंय, यावर सगळं ठरतं. विझिनी पैसे देणारा, इनिगो त्याच्या पदरी कामाला ठेवलेला. ते वाक्य खालून वर जातं. वरून खाली आलं की त्याचं काय होतं, ते मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाहिलं. एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, ‘टँकरचं कंत्राट सभासदांच्या अपरोक्ष दिलं गेलं.’ परोक्ष म्हणजे नजरेआड, आणि अपरोक्ष म्हणजे समक्ष. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘अपरोक्षानुभूती’त तोच अर्थ आहे. मराठी बोलण्यात मात्र तो कधीचा उलटा होऊन रुळला आहे. कमिटीतल्या एकानं तत्काळ इनिगोचं चित्र टाकलं. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, परोक्ष-अपरोक्षावर रात्रीपर्यंत चर्चा रंगली आणि टँकरचा दर कुणी विचारलाच नाही. काकांनी त्यानंतर ग्रुपवर लिहिणंच सोडलं. मला त्याचा राग आला, आजही येतो. ते काय म्हणत होते हे सगळ्यांना स्वच्छ कळलं होतं.

४. हा ‘राग’ तरी कुठं जुन्या अर्थाचा आहे? संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. अनुरागात तो तसाच राहिला आणि मराठी घरांत त्याचा संताप झाला. कादंबरी ही बाणभट्टाची नायिका, तिच्या नावाचा आपण साहित्यप्रकार केला. खुद्द ‘मीम’ हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात घडवला तो एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उतरत जाणाऱ्या कल्पनेसाठी, आणि आता तो मजकूर चिकटवलेल्या चित्रांचा झालाय. अर्थ सरकला म्हणून दर वेळी कळवळण्यात अर्थ नाही, हे मला माझ्या धंद्यानंच शिकवलं.

५. पण काही शब्दांपाशी मी अडते, आणि तिथं इनिगो मला हवाच असतो. ‘मानधन’ हा त्यातला पहिला. मुलांची वजनं घेणं, पोषण आहार, रजिस्टरं, घरोघरचे सर्व्हे एवढं सगळं करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन. रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणाऱ्या आशाताईच्या तर नावातच ‘स्वयंसेविका’ आहे. शब्द शुद्ध, लेखन निर्दोष, माझ्या लाल पेनाला काम नाही. वेतन म्हटलं की पाठोपाठ हक्क येतात, मानधन म्हटलं की ते दारातच थांबतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं, की ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच आहे. निकाल वाचताना मला कड्यावरचा इनिगो आठवला. वरच्याला, आवाज न चढवता सांगितलेलं, की तुम्ही वापरता त्या शब्दाचा अर्थ हा नाही.

सरकारी कागदावर शब्द तोच आहे, त्यामुळे बातमीतला ‘मानधन’ मला खोडता येत नाही. मात्र शेजारी रक्कम आणि कामाचे तास दिलेत का, ते बघते. नसले की बातमीदाराला फोन लावते.