खिशांतील चाकू : निवड आणि निगा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या स्वयंपाकघरांतील विळीकडे तुम्हीं कधीं लक्षपूर्वक पाहिलें आहे काय? एकाच पाटावर भाजी चिरण्याचें पातें, आणि त्याच पात्याच्या टोकाला नारळ खवण्याची खवणी, अशीं दोन अवजारें तिच्यांत सुखानें नांदतात. चिरतांना खवणी आड येत नाहीं, व खवतांना पातें आड येत नाहीं. पूर्वींच्या शेतकऱ्याच्या चंचींत पान, सुपारी, चुना आणि अडकित्ता हीं एकत्र असत. कानकोरणें, दांतकोरणें व चिमटा हीं एका कडींत ओंवलेलीं असत. सारांश, पुष्कळ अवजारें थोड्या जागेंत बाळगण्याची युक्ति आपल्या लोकांस नवी नाहीं. बाजारांत मिळणारा अनेक पात्यांचा चाकू हें तिचेंच निराळें रूप होय.

हा चाकू मुलांस फार प्रिय असतो. वाढदिवस आला किंवा परीक्षेचा निकाल लागला, कीं तो मागितला जातो. आणि दुकानांत गेल्यावर पालक गोंधळांत पडतात. एकीकडे वीस-पंचवीस पात्यांचा चकचकीत चाकू थोडक्या किंमतींत मिळत असतो. दुसरीकडे पांचसहा अवजारांच्या साध्या चाकूस त्याच्या कितीतरी पट किंमत पडते. पहिला घेतला तर पैसे वांचले असें वाटतें. परंतु थोड्याच महिन्यांत त्याची स्प्रिंग ढिली पडते, कात्री कागद चावूं लागते, आणि पातें भलत्याच वेळीं मिटून बोटावर येतें. म्हणून या निवडीशीं पैशाचा जितका संबंध आहे, त्याहून अधिक मुलाच्या बोटांचा आहे. ती निवड कशी करावी हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चाकूचा जन्म

स्वित्झर्लंडच्या सैन्यानें १८८९ सालीं नवी बंदूक स्वीकारली. ती खोलण्यास पेचकस लागे. शिपायांस डबाबंद अन्न मिळे, म्हणून डबा उघडण्याचें साधनही हवें होतें. हीं सर्व निरनिराळीं बाळगणें गैरसोयीचें असल्यामुळें १८९० सालीं एक नमुना ठरविण्यांत आला. त्यांत पातें, डबा उघडणी, पेचकस आणि आरी, म्हणजे जोडे शिवणाऱ्याजवळ असतो तसा टोचा, अशीं चारच अवजारें होतीं. एवढा माल पुरवील असा कारखाना तेव्हां त्या देशांत नव्हता. म्हणून पहिले चाकू जर्मनींतील सोलिंगेन येथून आणावे लागले.

ईबाख या गांवीं १८८४ सालापासून चाकू बनविणारा कार्ल एल्सनर नांवाचा एक कारागीर होता. हें काम आपल्याच देशांत व्हावें असें त्यास वाटलें, आणि १८९१ सालीं त्यानें सैन्यास आपले चाकू दिले. जर्मन माल स्वस्त पडत असल्यामुळें त्यास मोठा तोटा आला. तरी त्यानें हातचें काम टाकलें नाहीं. पुढें १२ जून १८९७ रोजीं त्यानें अधिक हलक्या व डौलदार चाकूची नोंद केली. त्याची खुबी अशी कीं, सहा अवजारांस दोनच स्प्रिंगा पुरत. कारण प्रत्येक स्प्रिंगेच्या दोन्ही टोंकांचा व दोन्ही अंगांचा उपयोग करून घेतलेला होता. १९०९ सालीं त्याची आई वारली, तेव्हां तिचें व्हिक्टोरिया हें नांव त्यानें आपल्या मालास दिलें. १९२१ सालीं न गंजणारें पोलाद वापरांत आल्यावर त्या पोलादाचें 'इनॉक्स' हें नांव त्यास जोडलें गेलें, आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' हा शब्द तयार झाला.

त्या चाकूंत एक मोठी उणीव राहिली होती, ती पक्कडीची. टिम लेदरमन नांवाचा अमेरिकन इंजिनियर १९७५ सालीं पत्नीसह एका जुन्या फियाट मोटारींतून युरोप व मध्यपूर्व या भागांत प्रवास करीत होता. गाडी वारंवार बिघडे. खिशांत चाकू असे, परंतु पक्कडीवांचून काम अडे. घरीं परतल्यावर त्यानें पुठ्ठ्याचे व मग धातूचे नमुने करून पक्कड व चाकू यांची सांगड घालण्याचा उद्योग आरंभिला. १९८० सालीं त्यास पेटंट मिळालें. तथापि चाकूंचे कारखानदार म्हणत कीं, हा चाकू नव्हे. आणि हत्यारांचे कारखानदार म्हणत कीं, हें हत्यार नव्हे. अखेर १९८३ सालीं, म्हणजे त्या प्रवासानंतर आठ वर्षांनीं, त्याचें अवजार विक्रीस आलें.

या दोन्ही कथांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. शिपायाच्या चाकूंत चारच अवजारें होतीं, कारण शिपायास तेवढींच लागत. लेदरमननें पक्कड घातली, कारण ती नसल्यामुळें त्याचें अडलें होतें. आधीं गरज उभी राहिली, आणि मग अवजार घडलें. विकत घेणाऱ्यानेंही हाच क्रम पाळावा.

पोलाद आणि त्याचें पाणी

पोलाद म्हणजे लोखंड व कर्ब यांचें मिश्रण. कर्बामुळें त्यास काठिण्य येतें. त्यांत शेंकडा सुमारें साडेदहा किंवा अधिक क्रोमियम मिसळलें, म्हणजे क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ कवच बनतें, व तें गंजास आंत शिरूं देत नाहीं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं असें पोलाद तयार केलें. मात्र स्टेनलेस म्हणजे कधींच न गंजणारें असा अर्थ कोणीं घेऊं नये. कोंकणची खारी हवा, हाताचा घाम, लिंबाचा व कैरीचा रस यांपुढें तें कवचही हळूहळू हार खातें.

पोलाद तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें कडक होतें. त्यासच आपण पाणी देणें म्हणतों. परंतु फार कडक पोलाद कांचेसारखें ठिसूळ असतें, म्हणून तें पुन्हां थोडें तापवून त्याचा कडकपणा बेताचा करावा लागतो. आतां गंमत अशी आहे कीं, एकाच चाकूंतील निरनिराळ्या भागांस निरनिराळें पाणी लागतें. काठिण्य मोजण्याचें रॉकवेल नांवाचें एक माप आहे. त्या मापानें व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचें काठिण्य ५६, कात्रीचें व करवतीचें ५३, पेचकस, डबा उघडणी व आरी यांचें ५२, आणि स्प्रिंगेचें ४९ असतें. पात्यास धार टिकवावयाची असते, म्हणून तें सर्वांत कडक. पेचकसास पीळ सोसावा लागतो. तो फार कडक असला तर त्याचें टोंक उडेल. स्प्रिंगेनें तर हजारों वेळां वांकून पुन्हां सरळ व्हावयाचें असतें. म्हणून ती सर्वांत नरम. ज्या मालांत हा विचार केलेला नसतो, त्यांत पातें लवकर बोथट होतें, पेचकसाचें टोंक वळतें, नाहीं तर स्प्रिंग तुटते. वरून पाहतां मात्र दोन्ही चाकू सारखेच चकाकतात.

निवड कशी करावी

दुकानांत जाण्यापूर्वीं आठ दिवस एक टिपण ठेवावें. घरांत ज्या ज्या वेळीं हत्यारावांचून अडलें, तें तें काम लिहावें. सुतळी तोडणें, पार्सल उघडणें, पेन्सिलीस टोंक करणें, फळ चिरणें, विजेरीचा किंवा खेळण्याचा स्क्रू फिरविणें, सायकलीची तार वळविणें, अशींच बहुधा हीं कामें निघतील. त्यांपैकीं जीं दोनदां आलीं त्यांचींच अवजारें चाकूंत असावींत. ज्याच्या टिपणांत पक्कडीचें काम एकदांही आलें नाहीं, त्यानें पक्कडीचें ओझें वाहूं नये.

ओझें हा शब्द आम्ही बुद्ध्याच योजिला आहे. ५८ मिलिमीटर लांबीचा लहान चाकू सुमारें २१ ग्रॅम वजनाचा असतो व किल्ल्यांच्या जुडग्यांत मावतो. ९१ मिलिमीटरचा साधा चाकू सुमारें ६० ग्रॅम भरतो. पूर्ण आकाराचें पक्कडीचें अवजार २०० ते २५० ग्रॅमपर्यंत जातें. जें जड होतें तें हळूहळू घरींच राहूं लागतें, आणि घरीं राहिलेलें अवजार रस्त्यांत कामास येत नाहीं. वेंगर नांवाच्या दुसऱ्या एका स्विस कारखान्यानें ८७ अवजारांचा एक प्रचंड चाकू २००६ सालीं तयार केला होता. त्याचें वजन एक किलोहून अधिक होतें. कारागिरीचा नमुना म्हणून तो कौतुकास्पद खरा. पण तो कोणाच्या खिशांत जाणार? स्वस्त मालाच्या पंचवीस पात्यांची स्थिति तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' अशी असते.

चाकू हातांत आल्यावर पुढील परीक्षा कराव्या :

१. मिटलेला चाकू उजेडासमोर धरावा. थरांमधून उजेड फार दिसूं नये, व कोणतेंही पातें शेजारच्या पात्यास घासूं नये.

२. पातें उघडून मुळाशीं धरावें व हलक्या हातानें दोन्ही बाजूंस हलवून पाहावें. डगमगणारें पातें घेऊं नये.

३. प्रत्येक अवजार उघडतांना व मिटतांना स्प्रिंगेचा ठाम झटका जाणवला पाहिजे. जें आपल्या वजनानें मिटतें, तें मुलाच्या हातीं देऊं नये.

४. कात्रीनें पातळ कागद अगदीं टोंकाशीं कापून पाहावा. चांगली कात्री टोंकापर्यंत कापते. वाईट कात्री कागद दुमडते.

५. पेचकसाची कड सपाट व चौकोनी असावी; गोल झालेली कड स्क्रूचा खांचा बिघडविते.

६. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. तिचीं टोंकें बरोबर जुळलीं पाहिजेत, व जबडे आडवे हलतां कामा नयेत.

७. मुलाच्या नखानें तें पातें उघडतें काय हें त्याच्याच हातीं देऊन पाहावें. फार कडक स्प्रिंगही लहान बोटांस धोक्याची असते.

तांबडी मूठ व तिच्यावरील पांढरा क्रूस पाहून भुलूं नये. त्यांची नक्कल सर्वत्र होते. कारखानदाराचें नांव पात्याच्या मुळाशीं कोरलेलें असतें, तें अक्षर अक्षर वाचावें.

सावधगिरी आणि निगा

साध्या चाकूचें पातें केवळ स्प्रिंगेच्या दाबानें उघडें राहतें. त्यास अडकविणारी कळ नसते. म्हणून त्याच्या टोंकानें कधींही भोंक पाडूं नये. टोंक अडकलें कीं पातें मिटतें, आणि मधें बोटें असतात. भोंकासाठीं आरी दिलेली आहे, पण तीही बहुधा कळेवांचूनच असते. म्हणून ती सरळ दाबावी व तिच्या मिटण्याच्या बाजूस बोट ठेवूं नये. कापतांना धार अंगाकडे नसावी. उघडा चाकू घेऊन चालूं नये. दुसऱ्यास देतांना तो मिटून द्यावा. एवढें करूनही बोट कापलें, तर स्वच्छ फडक्यानें घट्ट दाबून हात वर धरावा. जखम खोल असल्यास डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या टोंचणीविषयीं विचारावें.

हा चाकू शाळेच्या दप्तरांत आणूं नये. विमानप्रवासांतही तो जवळ बाळगूं देत नाहींत. आधीं सोंपविण्याच्या सामानांत तो ठेवावा.

निगा राखण्यास फारसा वेळ लागत नाहीं. फळ चिरल्यावर पातें धुऊन कोरडें करावें. महिन्यांतून एकदां सर्व अवजारें उघडून कोमट पाण्यांत हालवावीं, पूर्ण वाळवावीं, व सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एक एक थेंब सोडावा. पात्यावर आलेलें तेल पुसून टाकावें. धार लावतांना पातें दगडाशीं पंधरा ते वीस अंशांच्या कोनांत धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्या. बोथट चाकू निरुपद्रवी असतो असें पुष्कळांस वाटतें, पण तो भ्रम आहे. बोथट पात्यास जोर अधिक लावावा लागतो, आणि जोर लावलेला हातच घसरतो.

पालकांस आमची एक विनंति आहे. चाकू देतांना त्याच्याबरोबर आपला एक तासही द्यावा. मुलाजवळ बसून त्यास पहिली पेन्सिल तासावयास लावावी, पातें मिटावयास शिकवावें, आणि मगच तो त्याच्या स्वाधीन करावा. धारेची वस्तु विश्वासानें हातीं दिली, कीं तो विश्वास राखण्याची जाणीवही मुलास येऊं लागते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही त्या चाकूंतील ५६ आणि ४९ हे आंकडे विसरूं नका. नरम स्प्रिंग कडक पात्याहून हलक्या मोलाची नाहीं; ती नसेल तर पातें उभेंच राहणार नाहीं. संत पौलानें मंडळीस शरीराची उपमा देऊन पुष्कळ अवयवांविषयीं जें शिकविलें, तें या लहानशा वस्तूंतही दिसून येतें. तुमच्या वर्गांत कोणी पात्यासारखा तल्लख असेल, तर कोणी स्प्रिंगेसारखा सोशिक असेल. ज्याचें पाणी ज्या कामाचें, त्यानें तें काम नीट करावें. आणि शेजाऱ्याची गांठ सुटत नसेल, तेव्हां खिशांत हात घालून पुढें व्हावें.