व्यसन आणि चौर्यकर्म : वैद्य व औषधविक्रेत्यांचे कर्तव्य

"डॉक्टरसाहेब, पोरगं घरातले भांडे इकून रायलं, काही औषध द्या," अशी विनवणी करीत पालक आमच्याकडे येतात. आधी घरातील भांडी, मग आईचे दागिने, पुढे शेजाऱ्याच्या मोटारपंपाची तांब्याची तार, असा क्रम आम्ही पाहिला आहे.

पॉल गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये अमली पदार्थ व गुन्हे यांच्या संबंधाचे तीन प्रकार मांडले : अमलाखाली घडणारे, व्यसनाच्या खर्चासाठी घडणारे व अवैध व्यापारातून उद्भवणारे. घरातील चोरी बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडते. मात्र प्रत्येक व्यसनी चोर नसतो, हे विसरू नये.

गर्द अथवा अफू यांची मात्रा चुकली की काही तासांतच जांभया, नाक-डोळ्यांतून स्राव, पिंडिकोद्वेष्टन, अतिसार व अनिद्रा ही लक्षणे उद्भवतात. या अवस्थेतील रुग्ण सुखासाठी नव्हे, वेदना टाळण्यासाठी पैसा शोधतो. म्हणूनच उपदेशापेक्षा चिकित्सा आधी हवी. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या मुक्तांगणाने हाच मार्ग दाखविला.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय क्रमाने सोडण्यास सांगितले आहे. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास आक्षेपक येऊ शकतात. असे रुग्ण विनाविलंब रुग्णालयात पाठवावेत.

आता आपल्या कपाटाकडे पाहू. कामिनीविद्रावण रसात अहिफेन असते व अहिफेनाची गणना नियमावलीच्या ई(१) परिशिष्टात आहे. एका तरुणास हा कल्प आम्ही दोन वेळा पुन्हा लिहून दिला; तिसऱ्या वेळी तो दुप्पट गोळ्या मागू लागला, तेव्हा आमचे डोळे उघडले. तेव्हापासून नाडीपरीक्षेसोबत मागील चिठ्ठीची तारीखही आम्ही तपासतो. औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीविना असे कल्प देऊ नयेत; कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाबाबतही हीच दक्षता घ्यावी.

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास सेवनाच्या आरोपापासून संरक्षण देते. चोरीचा गुन्हा त्याने माफ होत नाही. पालकांना दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात व १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक द्यावा.

चोराला पकडणे हे पोलिसांचे काम. व्यसनाधीन रुग्ण चोर होण्यापूर्वी ओळखणे हे आपले.