जुन्या टॅबलेटची नवी कामे

‘टॅबलेट’ म्हटले की आमच्या आजीला रक्तदाबाची गोळी आठवते. इंग्रजीत या शब्दाचा एक जुना अर्थ लिहिण्याची पाटी असा आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हीच नव्या काळातील पाटी होय.

२०२० साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग घरात आले, तेव्हा मी नववीत होतो. घरात मोबाईल एकच, आणि तो बाबा कामावर घेऊन जात. शेवटी आईने भिशीचे पैसे काढून दिले व आमच्याकडे टॅबलेट आला. त्याच्यावर माझी दहावी झाली, पीयूसी झाली. कॉलेजात आल्यावर माझ्या हाती मोबाईल आला आणि टॅबलेट कपाटावर गेला. त्याची काच एका कोपऱ्यात तडकली होती, बॅटरी दोन तासांत उतरत होती, नवी अॅप त्यावर चालत नव्हती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी तो भंगारात द्यायला निघालो, तेव्हा आजी म्हणाली, “टाकू नको रे ते. तुझ्या आईच्या भिशीचे पैसे हायत त्यात.”

मी थांबलो. अशी निवृत्त पाटी आज पुष्कळ घरांत पडून असेल. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारनेही सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना टॅबलेट वाटले होते. त्यांचेही वय आता झाले. तेव्हा या प्रश्नाचा थोडा शास्त्रीय विचार करावा असे वाटले.

जुने म्हणजे नेमके काय जुने?

टॅबलेट जुना झाला असे आपण म्हणतो, पण त्याचे सर्व भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत. खऱ्या अर्थाने झिजते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत दर चार्जिंगला लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात, आणि दर फेरीत त्यांपैकी काही ग्रॅफाइटवरील थरात कायमचे अडकून पडतात. साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरीची धारणशक्ती मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. पुढे ती आणखी घसरते.

दुसरा भाग म्हणजे आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर. ती झिजत नाही, मागे पडते. कंपनी काही वर्षांनी सुधारणा पाठविणे बंद करते. नवी अॅप अधिक स्मरणशक्ती मागतात आणि सुरक्षिततेच्या नव्या उणिवा बुजविल्या जात नाहीत.

तिसरा भाग पडदा, ध्वनिवर्धक, मायक्रोफोन, कॅमेरा यांचा. तो बहुधा पहिल्या दिवसाइतकाच चांगला असतो. यावरून एक साधा नियम निघतो: जुन्या टॅबलेटला असे काम द्यावे की ज्यात तिसऱ्या भागाचा उपयोग होईल आणि पहिल्या दोहोंवर भार पडणार नाही. हा नियम मला आरंभी सुचला नव्हता. तो एका चुकीतून सुचला.

एक चूक

मी प्रथम टॅबलेट स्वयंपाकघरात भिंतीवर टांगला. घड्याळ, दिनदर्शिका आणि आईसाठी पाककृती असा बेत होता. बॅटरी टिकत नाही म्हणून चार्जर रात्रंदिवस लावून ठेवला. चारेक महिन्यांनी पाहतो तो मागचे झाकण फुगून वर आलेले! बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली, त्यात जवळच गॅसच्या शेगडीची ऊब. अशा स्थितीत आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो व बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते. दुरुस्तीवाल्याने ती काळजीपूर्वक काढून नवी बसविली, आणि माझ्या शिकवणीच्या कमाईतले नऊशे रुपये गेले. म्हणजे ज्या भागावर भार टाकायचा नाही, नेमका त्याच्यावरच मी तो टाकला होता.

तीन कामे

त्यानंतर टॅबलेट आजीच्या हाती दिला. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही तिला पोथीतील अक्षर दिसत नव्हते, आणि वाचन सुटल्यापासून ती फार गप्प झाली होती. मराठी विकिस्रोतावर ज्ञानेश्वरी आणि तुकारामगाथा विनामूल्य उपलब्ध आहेत. मी त्या उतरवून घेतल्या, अक्षर बोराएवढे केले, पार्श्वभूमी काळी व अक्षरे पांढरी ठेवली. आजी आता रोज सकाळी तासभर वाचते. कन्नड विभागाच्या वाचकांना सांगावेसे वाटते की, कन्नड विकिस्रोतावर वचन साहित्यही असेच मिळते.

दुसरे कामही आजीचेच. तिला कन्नड उत्तम बोलता येते, पण वाचता येत नाही. घरी आलेला कन्नड कागद घेऊन ती शेजारी जात असे. आता टॅबलेटच्या कॅमेऱ्यापुढे कागद धरला की भाषांतराचे अॅप त्यातील अक्षरे ओळखते व मोठ्याने वाचून दाखविते. यासाठी घरच्या इंटरनेटची जोडणी लागते. यंत्र कधी कधी आकडे चुकीचे वाचते, म्हणून रक्कम व तारीख मी स्वतः पडताळतो.

तिसरे काम माझ्या अभ्यासाचे. जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने ‘फायफॉक्स’ नावाचे विनामूल्य अॅप केले आहे. त्यात आवाजावर चालणारे स्टॉपवॉच आहे: पहिल्या आवाजाला ते सुरू होते, दुसऱ्याला थांबते. टेबलाच्या कडेबाहेर काढलेल्या पट्टीच्या टोकावर पोलादी गोळी ठेवली आणि पट्टीला चटकन आडवा फटका मारला. फटक्याच्या आवाजाला घड्याळ सुरू झाले, गोळी फरशीवर पडताच थांबले. उंची ०.७५ मीटर, वेळ ०.३९ सेकंद. गुरुत्वत्वरण ग = २उ/व² या सूत्राने उत्तर आले ९.८६ मीटर प्रति सेकंद वर्ग. ग्रंथातील किंमत ९.८ आहे. पण वेळ ०.४० सेकंद धरली तर हेच उत्तर ९.३८ येते! सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक उत्तरात सुमारे पाच टक्क्यांची होते. हाताने दाबायच्या घड्याळात आपली प्रतिक्रियाच सेकंदाचा पाचवा भाग खाते. मापनातील त्रुटी म्हणजे काय, हे मला वर्गातील फळ्यापेक्षा घरच्या फरशीवर अधिक नीट कळले.

काही पथ्ये

जुना टॅबलेट कामाला लावण्यापूर्वी त्यातील फोटो व कागद अन्यत्र उतरवून घ्यावेत. नंतर आपले खाते काढून टाकावे आणि मगच तो मूळ स्थितीला आणावा. खाते न काढता पुसल्यास पुढे तो जुनाच परवलीचा शब्द मागत बसतो. सुरक्षिततेच्या सुधारणा बंद झालेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार मुळीच करू नयेत. चार्जिंग साधारणतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे, रात्रभर लावून ठेवू नये. झाकण फुगलेले दिसले तर वापर तत्काळ थांबवावा. जो टॅबलेट खरोखरच निकामी झाला असेल तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तो अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा.

शेवटी एक सूचना नम्रपणे मांडतो. आपल्या प्रयोगशाळेत स्टॉपवॉच मोजकी आहेत आणि एकेका टेबलाभोवती सहा-सात जण उभे असतात. विद्यार्थ्यांनी घरी पडून असलेले टॅबलेट आणून दिले, तर मुक्त पतनाचा प्रयोग प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करता येईल. माझा मात्र मी देऊ शकणार नाही. त्याच्यावर आजीचा बारावा अध्याय चालू आहे.