पक्षीराजनची बाजू

‘रोबोट’ सिनेमाचं कोडकौतुक झालं आणि त्याचा पुढचा भाग ‘२.०’ मात्र ‘नुसता पैशांचा धूर’ म्हणून निकालात निघाला. मला हा निकाल मान्य नाही. नवी मुंबईत, फ्लेमिंगोंच्या पाणथळींशेजारी सीवूड्समध्ये राहून तर अजिबातच नाही.

१. दुसऱ्या भागाला पहिल्याचं माप लावू नये. २०१० च्या ‘रोबोट’मध्ये चिट्टी हा यंत्रमानव आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीच्या, सनाच्या प्रेमात पडतो; सगळी गंमत तिथे. २०१८ च्या ‘२.०’मध्ये दिग्दर्शक शंकर यांनी सनाला फोनवरच्या आवाजापुरतं ठेवलं. लोक म्हणाले, सिनेमातला जीवच गेला. गेला नाही, खलनायकाकडे गेला.

२. खलनायकाचं आधी ऐकून घ्यावं. सुरुवातीलाच एक म्हातारा मोबाईल टॉवरवर चढून गळफास घेतो, भोवती पाखरांचा कल्लोळ. हा पक्षीराजन; मेल्यावर तोच खलनायक होऊन परततो. अक्षय कुमारने केलेला हा पक्षीतज्ज्ञ पाहताना सलीम अली आठवतात. कंपन्या, मंत्री, कोर्ट, सगळीकडे खेटे घालून तो दमलेला असतो. पाणथळ वाचवा म्हणून निवेदनं घेऊन फिरणारी मंडळी आमच्याकडे कमी नाहीत. टॉवर वगळला, तर गोष्ट तीच.

३. विज्ञान कच्चं असलं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. टॉवरच्या लहरींनी पाखरं मरतात याला भक्कम पुरावा नाही, आणि सिनेमा ते छातीठोकपणे सांगतो. मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली, ती काही उगाच नव्हे. पण आमच्या इथे काय घडलं? २०२४ मध्ये नेरूळ जेट्टीजवळच्या भल्यामोठ्या फलकावर आपटून फ्लेमिंगो मेले. मग सीवूड्सच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येईना, तिथेही मेले. मे महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेत अख्खा थवा गेला. शेजारची ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे, तरी हे. लहरी नसतील, पण माणसाच्या सोयीच्या वस्तू तर होत्याच ना?

४. घरच्या टीव्हीवर पाहून मत बनवू नये. हातातले मोबाईल सुटून त्यांचा महाकाय पक्षी होतो, ते थ्रीडीतच पाहायचं.

५. खटकणाऱ्या शेवटाकडे पुन्हा पाहावं. चिमुकले चिट्टी कबुतरांवर बसून येतात आणि त्या पाखरांनाच मारायची धमकी देतात, तेव्हा कुठे पक्षीराजन नमतो. टाळ्या नायकाला पडतात, ओलीस मात्र कबुतरं. शंकर यांना हे बोचरं वाटलं असेल की नुसतं चटपटीत, देव जाणे. मला तरी सगळ्या सिनेमात हाच प्रसंग सर्वात खरा वाटतो.