सुबाभळीच्या छाटणीला कोणती करवत?

प्रश्न : शेळ्यांच्या पाल्यासाठी बांधावरची सुबाभूळ कंबरेएवढी ठेवून छाटतो. कोयत्याने खोड चिरते. हलकी चेनसॉ कोणती घ्यावी?
– एक शेतकरी, मालेगाव

उत्तर : फुटवे मनगटाएवढे असतील तर 6 ते 8 इंची पात्याची, बॅटरीवरची करवत पुरते, जोडीला दुसरी बॅटरी घ्याच. जुने बुंधेही कापायचे असतील तर 30 सीसीच्या आसपासची, 12 इंची पात्याची पेट्रोल करवत बघा. तिचे वजन साधारण 4 किलो सांगतात, पण त्यात पाते, साखळी, इंधन धरलेले नसते. म्हणून भरलेली करवत हातात घेऊनच ठरवा. वरच्या मुठीची छोटी करवत घेऊ नका, ती झाडावर चढणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी असते.

खरा धोका फुटव्यांच्या झुबक्यात आहे. पात्याचे टोक मागच्या फांदीला लागले की करवत उसळून थेट तोंडाकडे येते. साखळी-ब्रेक नसलेली करवत स्वस्तातही नको. दोन्ही हातांनी धरा, गॉगल लावा.

किसाऐवजी भुकटी पडू लागली की साखळीला कानस लावा. बोथट साखळी साल सोलते आणि नवे फुटवे सालीखालूनच येतात. काप उतरता घ्या.

तुमच्याकडे डाळिंबही असेल तर त्यावर ही करवत चालवू नका. तेल्या रोगाचे जंतू साखळीत राहतात आणि ती कात्रीसारखी पटकन निर्जंतुक होत नाही.